शनिवारी सकाळी बॅटरी उतरलेली: सेकंड हँड गाडीतली वीजगळती कशी शोधायची

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. मी मुलुंडहून लोकलने ऑफिसला जातो, त्यामुळे गाडी सोमवार ते शुक्रवार सोसायटीत उभी. शनिवारी सकाळी चावी फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज, डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात आणि विझतात. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला की लगेच चालू, आणि मग रविवारी रात्रीपर्यंत एकदाही कुरकुर नाही. २०१४ चं मॉडेल, पेट्रोल हॅचबॅक, ३५ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी, मी तिसरा मालक.

पहिल्यांदा सगळे करतात तेच मी केलं. गाडी डिसेंबरात घेतली. जानेवारीत नाक्यावरच्या बॅटरीवाल्याने सेल्फ मारून बघितला आणि निकाल दिला, “साहेब, बॅटरी बसली.” ४,२०० रुपये. पुढचे दोन महिने गाडी गुणी बाळासारखी चालू होत होती. मार्चमध्ये पुन्हा तेच. आता गॅरेजवाला म्हणाला, चार्जिंग कमी येतंय. अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) उतरवला, कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर बदलला, २,८०० रुपये. एप्रिल-मे बरे गेले. जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडी शनिवारपर्यंत दम धरेना. एका बुधवारी रात्री मुलीला ताप होता म्हणून डॉक्टरकडे न्यायला खाली उतरलो, तर सेंट्रल लॉकिंगसुद्धा उघडेना. रिक्षाने गेलो.

घरी आल्यावर जे बोलणं व्हायचं ते झालं. ते इथे लिहीत नाही.

रात्री पावत्या समोर ठेवून बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली. गाडी ज्या ज्या काळात ‘बरी’ होती, त्या काळात आम्ही दर शनिवारी बदलापूरला सासुरवाडीला जात होतो. मार्चमध्ये मुलीची परीक्षा, म्हणून जाणं बंद. जाऊन-येऊन तीन तास इंजिन चालायचं, बॅटरी पोटभर चार्ज व्हायची आणि पुढचा आठवडा कशीबशी काढायची. म्हणजे ४,२०० आणि २,८०० रुपयांनी काही दुरुस्त झालंच नव्हतं. जो काही गुण आला तो सासुरवाडीचा.

म्हणून पहिला सल्ला हाच: पार्ट बदलूनही बिघाड महिन्या-दोन महिन्यांनी परत आला, तर तोच पार्ट दुसऱ्यांदा बदलायला जाऊ नका. आधी वहीत लिहा. गाडी किती दिवस उभी होती, पाऊस होता का, त्याआधी किती वेळ चालली होती. माझ्या वहीतल्या सहा ओळींनी जे सांगितलं ते दोन गॅरेजना सांगता आलं नाही. त्यांचाही दोष म्हणवत नाही, गाडी त्यांच्याकडे जंप देऊन, वाटेत चार्ज होऊनच पोचायची.

आता मोजमाप. आमच्या सोसायटीतले एक काका बेस्टच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते, निवृत्त झालेत. त्यांच्याकडे गेलो तर पहिला प्रश्न, “अरे, मीटर लावलास का?” नव्हता लावला. लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला. दहा अँपिअरचं वेगळं भोक असलेलाच घ्या, नुसता व्होल्ट मोजणारा पुढच्या कामाला पुरत नाही.

आधी व्होल्ट. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी कुठलंही दार न उघडता बॅटरीवर मोजा. अर्थात बॉनेट उघडायला दार उघडावंच लागतं, म्हणून बॉनेट रात्रीच सोडून ठेवायचं आणि गाडी आवारात, नजरेसमोर ठेवायची. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली की उतरलीच समजा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली कोसळली तर ती खरंच बसलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत, हेडलाइट आणि एसी लावूनसुद्धा त्याच्या जवळपास. माझे सगळे आकडे चोख आले. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, आणि तरी पाच दिवसांत बॅटरी रिकामी. म्हणजे गाडी उभी असताना कोणीतरी करंट खातंय.

इथे एक मधली तपासणी सांगून टाकतो, कारण मुंबईच्या खाऱ्या हवेत ती फार वेळा कामी येते. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनस खांबावर (टर्मिनलच्या पट्टीवर नको, आतल्या शिशाच्या खांबावर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर लावा, आणि सेल्फ मारा. ०.२ – ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा मायनस गाडीच्या धातूला जोडणारी) किंवा तिचा बोल्ट गंजलाय. बॅटरी नवी असूनही सेल्फ रडत फिरतो तो पुष्कळदा यामुळे. पट्टी सोडायची, सँडपेपरने दोन्ही बाजू चकचकीत घासायच्या, घट्ट आवळायच्या, वरून पेट्रोलियम जेली. पंधरा मिनिटांचं काम. टर्मिनलवरची पांढरी-निळसर बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघते.

माझं अर्थिंग ठीक होतं. मग करंट मोजायला बसलो.

करंट मोजताना मीटर बॅटरी आणि गाडीच्या मध्ये यावा लागतो. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घालायची, मायनसची वायर सोडायची आणि त्या फटीत मीटर जोडायचा. काकांची युक्ती अशी की आधी मगरचिमटे खांबाला आणि वायरीच्या पट्टीला लावून मगच पट्टी हळूच वर उचलायची. मध्ये वीज तुटली नाही की गाडीतले कंट्रोलर (लॉक, दिवे वगैरे सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर) रीसेट होत नाहीत आणि नेमकी चूक पुसली जात नाही. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण मीटरचा फ्यूज क्षणात जातो. (माझा गेला. मुलगी म्हणाली “बाबा, आता लावू का?” आणि मी दुसऱ्याच विचारात “हो” म्हणालो.)

आणि घाई करायची नाही. दारं लावल्यावरही गाडीतले कंट्रोलर काही वेळ जागे असतात. कुठे दहा मिनिटं, कुठे अर्धा तास. तोवर मीटर दोन-तीन अँपिअरसुद्धा दाखवेल, त्याला घाबरू नका. फ्यूजपेटी आत असेल तर दार उघडंच ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने ‘बंद’ स्थितीत ढकलून ठेवायचं, गाडीला वाटतं दार लागलंय. सगळं झोपल्यावर ०.०५ अँपिअर, म्हणजे पन्नास मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर एवढं तेवढ्यात भागतं.

माझा आकडा पाऊण तासानंतरही ०.४२ वर थबकलेला.

हिशोब करून बघा. ०.४२ गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर. पस्तीसची बॅटरी, रविवारी रात्री भरलेली असली तरी बुधवारी तिच्यात काय राहणार? नेमकं तेच पावसाळ्यात होत होतं.

कोणत्या सर्किटमध्ये गळती आहे हे शोधायचे दोन मार्ग. फ्यूज एकेक उपसायचा आणि मीटर कधी खाली येतो ते बघायचं, हा जुना. दुसरा काकांना जास्त आवडतो: फ्यूज जागेवरच ठेवायचा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोकण्या टेकवायच्या. करंट वाहत नसेल तर शून्य. वाहत असेल तर काहीतरी आकडा येतोच, कारण फ्यूजलाही थोडा रेझिस्टन्स असतो. फ्यूज काढता-घालताना झोपलेला कंट्रोलर पुन्हा जागा होतो, ती कटकट यात नाही. एअरबॅगच्या फ्यूजला आणि पिवळ्या कनेक्टरना मात्र हात लावू नका. तिथे हौस नको.

पहिला चोर लगेच सापडला. म्युझिक सिस्टीम. आधीच्या मालकाने बाजारातून बसवलेली, आणि बसवणाऱ्याने स्विचची लाल वायर आणि कायम करंटची पिवळी वायर एकत्र पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. म्हणजे चावी काढली तरी सिस्टीम आतून जागीच. फ्यूज काढला, ०.४२ चं ०.२७ झालं. वायरी वेगळ्या केल्या, लाल वायर चावीसोबत चालू-बंद होणाऱ्या लाइनवर घेतली. मी खूश. काका म्हणाले, “अजून ०.२७ आहे, चहा नंतर.”

खरं तर बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि म्हणूनच बिघाड परत येतो. उन्हाळ्यात माझ्या गाडीत एकच चोर होता, म्युझिकचे ०.१५ आणि घड्याळ वगैरेचे ०.०३ धरून पाच दिवसांत एकवीस-बावीस अँपिअर-अवर. शनिवारपर्यंत बॅटरी जेमतेम. पावसाळ्यात त्याला जोडीदार मिळाला. एकट्या बॅटरीवर दोघे पोसले जात होते.

दुसरा सेंट्रल लॉकिंग आणि रूम लाइटच्या फ्यूजवर होता. तो काढला की आकडा ०.०३ वर. पण त्या फ्यूजवर पाच-सहा गोष्टी लटकलेल्या, नक्की कोण? कनेक्टर सोडत बसणार होतो, तेवढ्यात काकांनी छतावरच्या दिव्याकडे बोट दाखवलं.

“हा बंद का ठेवलायस?”

मी नव्हता ठेवला. त्या दिव्याला तीन खाचा असतात: चालू, बंद आणि मधली ‘डोअर’. गाडी घेतली तेव्हापासून तो ‘बंद’वरच होता, मी कधी बघितलंही नाही. काकांनी तो मधल्या खाचेवर सरकवला. चारही दारं आणि डिकी लावलेली, आणि दिवा लख्ख पेटलेला.

गाडीला वाटत होतं की दार उघडं आहे. दार उघडं असेपर्यंत कंट्रोलर झोपत नाही. आधीच्या मालकाला (की दलालाला) दिवा विझत नाही हे दिसलं असणार, आणि त्याने उपाय काय केला, तर दिव्याचं बटण सरकवलं. लक्षण गायब, रोग आत.

दारांचे स्विच एकेक दाबून बघितले, ते ठीक. मग डावीकडच्या सीटसमोरची चटई उचलली. वरून कोरडी. गालिच्याखाली हात घातला तर फोम भांड्याच्या स्पंजसारखा पिळून निघाला. तिथेच, पायांच्या बाजूच्या प्लास्टिकच्या कव्हरमागे, दारांच्या वायरींचा कनेक्टर. उघडला तर दोन पिनांच्या मध्ये हिरवा, ओलसर गंज साचलेला. एक पिन दाराच्या स्विचची, शेजारची अर्थिंगची. ओल असली की तो गंज दोघींना जोडतो आणि गाडीला ‘दार उघडं’ असा निरोप जातो. कोरड्या दिवसांत जोड तुटतो. पावसाळ्यातच दुखणं वाढायचं ते यामुळे.

कनेक्टर धुऊन-पुसून भागलं नसतं, पिन पोखरलेली होती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत तशाच मॉडेलचा कनेक्टर वायरींच्या शेपटासकट मिळाला. एकेक वायर त्याच रंगाच्या वायरीला सोल्डर केली, प्रत्येकीवर वेगळी हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी. नुसतं पिळून टेप मारू नका, म्युझिकवाल्याने काय केलं ते वाचलंत ना.

पाणी आलं कुठून

हे शोधल्याशिवाय कनेक्टर बदलणं म्हणजे गळक्या छताखाली नवा रंग. डाव्या पायाशी पाणी येण्याची मुख्य कारणं दोन. एक, एसीची नळी तुंबलेली. ते पाणी भर उन्हाळ्यात, एसी लावल्यावर येतं आणि स्वच्छ असतं. दोन, वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीत कचरा. तिथून पावसाचं पाणी दोन बाजूंनी चाकांच्या मागे खाली पडायला हवं. भोकं तुंबली की तिथे तळं साचतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. ते पाणी पावसानंतरच येतं, गढूळ असतं आणि वास मारतं.

तपासायला तांब्याभर पाणी जाळीवर हळूहळू ओता आणि कोणाला तरी चाकांमागे वाकून बघायला सांगा. माझ्याकडे डावीकडे थेंब पडेना. वायपर आणि जाळी काढली तर खाली सोनमोहोराच्या पाकळ्या आणि पर्जन्यवृक्षाच्या बारीक पानांचं खत तयार झालेलं, मूठभर नाही, चांगली अर्धी बादली. आमच्या सोसायटीत गाड्या झाडाखालीच लागतात, सावलीसाठी भांडणं होतात. तुमचीही तशीच लागत असेल तर मे महिन्याच्या शेवटी ही जाळी साफ करा. त्याच वेळी उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघून घ्या.

फोम वाळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं. बॅटरी सोडून, सीटचे चार बोल्ट काढून (खालचा पिवळा कनेक्टर असेल तर काम ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडेच द्या) गालिचा वर घेतला आणि तीन दिवस हॉलमधल्या पंख्याखाली. जुलैत गच्चीवर काय वाळणार? घरभर ओल्या कुत्र्याचा वास. बायको एवढंच म्हणाली की आता गाडी खाली आणि गालिचा वर राहतोय.

एक भीती मनात आली ती सांगतो, कारण तुम्हालाही येईल: ही पुरातली गाडी तर नसेल? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझी गाडी त्यानंतरची, पण मुंबईतले हिंदमाता नि मिलन सबवे त्यापेक्षा कमी पावसातही भरतात. तेव्हा प्रश्न रास्त आहे. फरक ओळखता येतो. जाळीतून गळालेलं पाणी एकाच बाजूला, खालीच असतं. पुरात बुडालेल्या गाडीत सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या टोकाला मातकट रेघ दिसते, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ असतो, चारही सीटच्या रुळांचे बोल्ट सारखेच गंजलेले असतात, हेडलाइटच्या काचेआड वाफ धरलेली असते. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं. तुमच्यात तीन खुणा मिळाल्या तर एकेक कनेक्टर शोधत बसू नका, तशा गाडीत आज हा तर उद्या तो सुरूच राहतो.

बंद करून ठेवलेल्या गोष्टी

त्या दिव्याने मला एक सवय लावली. वापरलेल्या गाडीत काय चालतं यापेक्षा आधीच्या माणसाने काय बंद करून ठेवलंय, तोडलंय, ‘डायरेक्ट’ केलंय (मधला सेन्सर-स्विच वगळून थेट जोडलंय) ते आधी बघतो. मित्राची गाडी बघायला गेलो होतो तेव्हा चावी ‘ऑन’ केली, इंजिन चालू न करता. चेक इंजिनचा दिवा पेटायलाच हवा, आणि इंजिन चालू झालं की विझायला हवा. तो पेटलाच नाही. म्हणजे दिवाच गेलाय, नाहीतर कोणीतरी काढून टाकलाय.

दुसरा नेहमीचा प्रकार रेडिएटरच्या पंख्याचा. चावी लावताच, गार इंजिनवर, एसी बंद असताना पंखा भणभणायला लागला तर तो डायरेक्ट केलेला असू शकतो. सेन्सर किंवा रिले गेला की नवा टाकण्याऐवजी ही शक्कल. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणारेही पुष्कळ, “मुंबईत काय गरज आहे साहेब?” गरज आहे. तो नसला की इंजिन धड तापत नाही, मायलेज पडतं, आणि गाडी जास्त तापण्याचं मूळ कारण (गळका होज, तुंबलेला रेडिएटर, हेड गॅस्केट) घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उन्हाळ्यात समोर येतं. तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

स्कॅनर लावत असाल तर तिथेही तेच. ओबीडीला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लागणारा स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर पुरतो. माझ्याकडे पी०५६२ हा बिघाडाचा कोड होता, सिस्टीमचे व्होल्ट कमी, एवढंच तो सांगतो; कोण खातंय ते नाही. पण विकत घ्यायच्या गाडीत एकही कोड नाही आणि ‘रेडिनेस’ च्या (गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्यांच्या) यादीत बरंचसं ‘अपूर्ण’ दिसलं, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती असं धरा. विकणाऱ्याला विचारा कधी आणि का, आणि गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणा. नको म्हणाला तर तेही उत्तरच.

माझ्या गाडीचं सध्याचं मोजमाप: झोपल्यावर ०.०३ अँपिअर. गेल्या शनिवारी पाच रात्री उभी राहून, मध्ये दोन दिवस धो धो पाऊस होऊनही, १२.५ व्होल्ट. बदलापूरला न जाता. छताचा दिवा आता कायम मधल्या खाचेवर असतो, आणि दार लावल्यावर तो विझला का हे काचेतून बघितल्याशिवाय मुलगी लिफ्टकडे येत नाही.